प्रीफॅब घराच्या भिंतीत ओल आहे, पण डाग कुठेच नाही: भिंत उघडावी का?

भायलीकर (जुलै २०२५)

नमस्कार. प्रश्न जरा लांबणार आहे, कारण तपशील न देता विचारले की "घर बंद ठेवू नका, हवा खेळती ठेवा" एवढेच उत्तर मिळते आणि ते आम्हाला कंपनीकडून तीनदा मिळून चुकले आहे.

वडोदऱ्यात भायलीच्या बाजूला आमचा स्वतःचा प्लॉट आहे. जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. विटांचे जड घर बांधायचे तर पायातच बरेच पैसे जातील असे सांगण्यात आले, म्हणून आम्ही हलक्या पोलादी सांगाड्याचे प्रीफॅब (कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडलेले) घर घेतले. एकमजली, साधारण अकराशे चौरस फूट, करार एकवीस लाखांचा, ताबा नोव्हेंबर २०२२ मध्ये. बाहेरून फायबर सिमेंटचे बोर्ड आणि त्यावर टेक्स्चर, मध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे खांब व रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी धाग्यांची लोकर), आतून जिप्सम बोर्ड, आणि वर पफ पॅनेलचे (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) उतरते छप्पर अशी रचना आहे.

२०२३ चा पावसाळा निर्वेध गेला. २०२४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला मात्र पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये कुबट वास येऊ लागला. तिथे सासूबाई झोपतात. त्यांच्या कपाटातल्या खालच्या खणात पोथी असते. तिची पाने मऊ पडून एकमेकांना चिकटली आणि कपाटाच्या पाठीला राखाडी लव धरलेली दिसली. महिनाअखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस पाणी तुंबले होते. ते जोत्याला लागले, पण घरात शिरले नाही. वास पुराच्या आधीपासून होता हे मी मुद्दाम लिहिते, कारण कंपनी आता सगळे खापर पुरावर फोडते आहे.

कंपनीची माणसे सप्टेंबरपासून तीनदा येऊन गेली. प्रत्येक वेळी त्यांनी बाहेरून खिडकीच्या चारी बाजूंना सिलिकॉन भरले आणि एकदा पूर्ण भिंतीला रंग दिला. या वर्षी नवीनच सुरू झाले आहे: पश्चिमेची झड आली की दुसऱ्या दिवशी खिडकीखालची स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) फुगते. पण भिंतीवर ओलीचा डाग, पोपडे, लोणा यांपैकी काहीही दिसत नाही. वॉलपेपरवर दोन-तीन ठिकाणी फिकट गुलाबी ठिपके आहेत, ते माझ्या मुलीच्या रंगपेटीचे असावेत असे मी इतके दिवस समजत होते. हा व्हिनाइलचा वॉलपेपर आम्ही २०२३ च्या दिवाळीत लावून घेतला.

करारात सांगाड्याची दहा वर्षांची आणि गळतीची एक वर्षाची हमी आहे. कंपनी म्हणते की एक वर्ष संपले, तरीही आम्ही सौजन्य म्हणून येतो. भिंत उघडून पाहावी का, उघडली तर उरलीसुरली हमीही जाईल का, आणि ओल नेमकी कुठून येते हे आधी कसे ओळखावे? कडिया (गवंडी) म्हणतो, "बेन, भेज तो बधेज होय," म्हणजे ताई, ओल तर सगळीकडेच असते. ते खरे असेलही, पण त्या खोलीत झोपणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईला जूनपासून खोकला आहे.

कलाभवनी

ताई, मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालो आहे आणि अशी बरीच घरे पाहिली आहेत. आपण तारखा दिल्यात म्हणून बरे झाले. निम्मे निदान त्या तारखांतच आहे.

भिंतीतल्या ओलीची तीन-चार उगमस्थाने असू शकतात. पावसाचे पाणी फटीतून शिरते, जमिनीतले पाणी जोत्यातून वर चढते, नळ किंवा एसीची नळी भिंतीत ठिबकते, किंवा हवेतली वाफच थंड पृष्ठभागावर दव होऊन बसते. विटांच्या भिंतीत यांपैकी काहीही झाले तरी डाग लवकर दिसतो, कारण वीट पाणी शोषून ते पृष्ठभागापर्यंत आणते. आपल्या भिंतीत मध्ये पोकळी आहे. पाणी एका बोर्डाच्या पाठीवरून ओघळते, पत्र्याच्या खालच्या पन्हळीत साचते आणि तिथून चार फूट दूर जाऊन कुठेतरी बाहेर पडते. म्हणून डाग नाही याचा अर्थ पाणी नाही असा होत नाही. आणि स्कर्टिंग जिथे फुगते त्याच्या बरोबर वरच भोक असेल असेही धरून चालू नये.

आता तारखा पाहू. पहिला पावसाळा कोरडा गेला, दिवाळीत वॉलपेपर लागला आणि पुढच्याच पावसाळ्यात वास सुरू झाला. त्या खोलीत एसी आहे का आणि तो किती अंशांवर चालतो, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर माझा पहिला संशय वॉलपेपरवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो, म्हणजे २६ पेक्षा थंड कोणत्याही वस्तूला ती हवा लागली की पाणी सुटते. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसेच हे आहे. बाहेरची दमट हवा स्क्रूच्या भोकांतून आणि बोर्डांच्या सांध्यांतून पोकळीत येते. रॉकवूल उष्णता अडवते, वाफ अडवत नाही. ती वाफ पुढे जिप्सम बोर्डापर्यंत पोहोचते आणि एसीमुळे बोर्ड गार असतो. नुसता साधा रंग असता तर वाफ बोर्डातून झिरपून खोलीत आली असती आणि एसीने तिचे पाणी करून नळीवाटे बाहेर टाकले असते. व्हिनाइल मात्र प्लास्टिकच आहे. वाफ तिथे अडते आणि वॉलपेपर व बोर्ड यांच्या मध्ये पाणी धरते. जिप्सम बोर्डाचा कागद आणि वॉलपेपरची खळ हे बुरशीचे आवडते खाद्य. ते गुलाबी ठिपके आपल्या मुलीचे नाहीत. मागे वाढणाऱ्या बुरशीचा रंग व्हिनाइलमध्ये उतरून पुढे दिसतो, ही उष्ण-दमट प्रदेशातल्या वॉलपेपरची ओळखीची खूण आहे. बिचारीला उगाच बोलला असाल तर माफी मागा.

पण याने स्कर्टिंगचा उलगडा होत नाही. दव पावसाची वाट पाहत नाही. एसी चालू असला की ते रोज थोडेथोडे साठते. झड आल्यावरच दुसऱ्या दिवशी जे फुगते ते पावसाचे पाणी. म्हणजे एकाच भिंतीत दोन वेगळे दोष असावेत, आणि म्हणूनच एका उपायाने काही बरे होत नाही असे वाटते.

भिंत फोडण्यापूर्वी स्विचबोर्ड उघडून पाहा. ते भिंतीत आधीच पाडलेले भोक आहे. मुख्य एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करा, टेस्टरने खात्री करा, त्या भिंतीवरच्या बोर्डाची पट्टी काढा आणि आत बॅटरी मारून वास घ्या. शक्यतो हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, कारण आतला डबा ओला असू शकतो. मोबाइलला जोडायचा नळीसारखा कॅमेरा मिळतो. तो त्याच भोकातून खाली सोडला की पत्र्याची पन्हळ दिसते. जस्तावर पांढरी पूड दिसली तर तिथे पाणी बराच काळ साचून राहते आहे असे समजावे.

ओल मोजायचे दोन सुयांचे मीटर आणले तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यावरचे आकडे लाकडासाठी असतात, जिप्समवर ते नुसते तुलनेपुरते धरायचे. आधी घराच्या मधल्या, निश्चित कोरड्या पार्टिशनवर आकडा घ्या आणि मग पश्चिमेच्या भिंतीवर हातभर अंतराने खालून वर घेत जा. बिनसुयांचे मीटर पोलादी खांबावर आले की उगाच जास्त दाखवते. लोहचुंबकाने स्क्रूंची रांग शोधून खांब कुठे आहेत ते पेन्सिलीने खुणावून ठेवा.

पॅनेलवाला

मी अशीच घरे उभारण्याच्या कामावर देखरेख करतो. कंपनी कोणती ते विचारत नाही आणि सांगूही नका. कलाभवनी सरांचे म्हणणे बरोबर आहे. मी फक्त साइटवर काय होते ते सांगतो, कारण नकाशात ते दिसत नाही.

खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने लहान लांबट चिरा असतात. सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी येणारच. ते बाहेर जावे म्हणून त्या चिरा ठेवलेल्या असतात. सिलिकॉन मारायला येणारा पोरगा नवा असला की त्याला ती भोके वाटतात आणि तो ती मन लावून बुजवतो. मग रुळातले पाणी कोपऱ्यातल्या जोडातून थेट भिंतीत उतरते. स्कर्टिंग फुगणे कंपनीच्या भेटींनंतर सुरू झाले आहे, म्हणून आधी तिथेच पाहा.

दुसरे, सिलिकॉन मारताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला होता का? आला असेल तर ते चुकीचे सिलिकॉन आहे. ते सुकताना आम्ल सोडते आणि ते जस्ताच्या मुलाम्याला खाते. अशा घराला बिनवासाचे, न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले लागते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेली असतात आणि पहिले स्वस्त असते, यापलीकडे त्याला कारण नाही.

तिसरे, खिडकीखाली आत कोपरे वळवलेली पत्र्याची किंवा मेम्ब्रेनची (पाणी न झिरपणाऱ्या चादरीची) ताटली बसवायची असते, म्हणजे शिरलेले पाणी पुन्हा बाहेर पडते. घाईच्या कामात ती गाळली जाते, कारण खिडकी बसली की ती कुणालाच दिसत नाही. आणि पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे का?

चौथे विचारायला थोडा संकोच वाटतो. ताबा घेतल्यावर अंगणात पेव्हर ब्लॉक बसवलेत का?

राओपुऱ्याचा

एवढी चिकित्सा कशाला? आमच्या अगाशीला (गच्चीला) रबर कोटिंगचे तीन हात दिले आणि गळती थांबली. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून तेच द्यावे.

कलाभवनी

अगाशीचा स्लॅब आणि पोकळ भिंत या एक गोष्टी नव्हेत. स्लॅबला पाणी वरूनच येते, तेव्हा वरून बंद केले की काम होते. इथे आतून व्हिनाइलचे प्लास्टिक आधीच आहे. बाहेरून रबराचे दुसरे चढवले तर मध्ये अडकलेल्या पाण्याला सुकायला एकही बाजू उरणार नाही. भिंतीने एका बाजूने तरी श्वास घ्यायला हवा. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात बांधलेली हजारो घरे अशीच आतल्या आत कुजली; छज्जे नसलेल्या भिंती, मागे निचऱ्याची पोकळी न ठेवता थेट ठोकलेले बाह्य आवरण आणि संपूर्ण भिस्त सीलंटवर. प्रकरण इतके वाढले की तिथल्या संसदेला २००२ मध्ये गळक्या घरांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तिथे सांगाडा लाकडाचा होता आणि आपला पत्र्याचा आहे, म्हणून आपल्याकडे कुजण्याऐवजी गंजेल एवढाच फरक.

भायलीकर

सर्वांचे आभार. रविवारी इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतले. एकेका प्रश्नाचे उत्तर देते.

एसी आहे आणि तो रात्रभर २२ वर असतो. त्याच खोलीच्या बाथरूमचा एक्झॉस्ट पंखाही आम्ही दिवसभर चालू ठेवतो, कारण कंपनीनेच "हवा खेळती ठेवा" असे सांगितले होते. स्विचबोर्ड उघडल्याबरोबर जो वास आला, तो त्या खोलीतल्या वासासारखाच, पण कितीतरी उग्र होता. नळीच्या कॅमेऱ्यात रॉकवूल खाली घसरून पोत्यासारखे बसलेले दिसले. वरचा हातभर भाग रिकामा आहे. खालच्या पन्हळीत पांढरी पूड आहे आणि एका ठिकाणी तांबूस.

खिडकीच्या चिरा खरोखरच बुजवलेल्या आहेत. पाचही. त्यांच्यावर गुळगुळीत बोट फिरवलेले आहे, म्हणजे काम निष्काळजीपणे नव्हे, फार काळजीपूर्वक केलेले आहे. सिलिकॉनला आंबूस वास होता, हे सासूबाईंना पक्के आठवते. त्यांनी तेव्हा "कुणी कैरीचे लोणचे उघडले का" असे विचारले होते. छज्जा नाही. समोरचा देखावा सपाट दिसावा म्हणून तो नकाशातच नव्हता आणि तेव्हा तो देखावा आम्हालाही आवडला होता.

आणि हो, पेव्हर ब्लॉक आम्ही २०२३ मध्ये वेगळ्या माणसाकडून बसवून घेतले. आधी जोते अंगणापासून दीड फूट उंच होते. पश्चिमेला आता बोर्डाची खालची कड आणि ब्लॉक यांत दोन बोटेही अंतर नाही. पागोळ्यांचे पाणी ब्लॉकवर आपटून थेट बोर्डावर उडते.

मीटरचे आकडे मधल्या पार्टिशनवर एकसारखे कमी आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र खिडकीखाली खूप जास्त, आणि एसीच्या वाऱ्याचा झोत जिथे लागतो तिथे छातीइतक्या उंचीवरही जास्त. उत्तरेच्या भिंतीवर वॉलपेपर नाही आणि तिथे आकडा पार्टिशनसारखाच आहे.

पॅनेलवाला

मग पुराचा मुद्दा निकालात निघाला. पुराचे पाणी चढले असते तर ओलीची रेघ घरभर एका पातळीत दिसली असती, उत्तरेच्या भिंतीतही. ती फक्त खिडकीखाली आणि एसीच्या झोतात आहे. हे आकडे फोटोसह लिहून ठेवा, तेच पुढे बोलतील.

एक्झॉस्टचे म्हणजे दुखण्यावर मीठ. खिडक्या बंद ठेवून पंखा चालवला की खोलीतली हवा बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला बाहेरची दमट हवा भिंतीतल्या फटींतून आत ओढली जाते. तो अंघोळीनंतर अर्धा तास पुरे. एसी २६ वर आणा आणि त्याची नळी भिंतीतून जिथे जाते ते भोक आत-बाहेर दोन्हीकडून बुजवलेले आहे का पाहा, बहुतेक नसते.

बुजवलेल्या चिरा लगेच मोकळ्या करू नका. आधी व्हिडिओ काढा.

खिडकीची खात्री पाण्याच्या चाचणीने करता येते. कोरड्या दिवशी बागेच्या नळीने पाणी मारायचे, पण खालून सुरुवात करायची. आधी फक्त जोत्याजवळ दहा मिनिटे, मग खिडकीच्या खालच्या पट्टीवर, मग बाजूंना आणि शेवटी वरच्या कडेवर. दर टप्प्याला एक माणूस आत मीटर घेऊन बसलेला असावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि कुठून शिरले ते कळतच नाही. ही चाचणी कंपनीचा माणूस समोर असताना करा.

मांजलपूरवासी

मी वकील नाही, पण दुसऱ्या एका बांधकामाच्या तक्रारीत ग्राहक आयोगापर्यंत जाऊन आलो आहे. भिंत उघडण्याची घाई करू नका असे सांगण्यासाठी लिहीत आहे. म्हणजे उघडाच, पण आधी पत्र द्या.

बरेच जण अशा वेळी रेराचे, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या प्रकल्पांवरच्या कायद्याचे, नाव घेतात. रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवलेला दोष प्रवर्तकाने (बिल्डरने) विनाखर्च दुरुस्त करावा अशी तरतूद आहे, पण ती प्रकल्पात घर विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे. तुम्ही स्वतःच्या प्लॉटवर करार करून घर बांधून घेतले, तेव्हा तुमचा रस्ता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. घरबांधणी ही त्या कायद्यात सेवेत धरली आहे. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. ती तुम्ही राहता तिथे, म्हणजे वडोदऱ्यातच करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. वीस ते पन्नास लाखांच्या मोबदल्याला शुल्क एक हजार रुपये आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली तर कधीकधी कंपनी तेवढ्यावरच हलते.

मुदत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. तुमचा वास ऑगस्ट २०२४ चा, म्हणजे ऑगस्ट २०२६ च्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. कंपनीचे लोक सौजन्य म्हणून येत राहतात, तोवर वेळ निघून जातो. माझ्या बाबतीत तेच झाले असते, अकरा दिवस हाती होते.

पत्रात भाषा साधी ठेवा. अमुक तारखेला दोष लक्षात आला, अमुक तारखांना आपण येऊन सिलिकॉन भरले, मीटरचे आकडे सोबत जोडले आहेत, अमुक दिवशी सकाळी दहा वाजता त्रयस्थ अभियंत्याच्या उपस्थितीत पाण्याची चाचणी करून पश्चिमेची भिंत उघडण्यात येईल, आपण उपस्थित राहावे. पंधरा दिवसांची मुदत द्या. पोचपावती मिळेल अशा टपालाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा. इतके करूनही ते आले नाहीत तर भिंत उघडल्याने पुरावा नष्ट केला, असे त्यांना सहज म्हणता येत नाही. काढलेला बोर्डाचा एक तुकडा, थोडे रॉकवूल आणि ते सिलिकॉन पिशव्यांत घालून तारीख लिहून ठेवा. मोबाइलमधले मूळ फोटो पुसू नका. पुढे पाठवलेल्या प्रतींत तारीख-वेळ राहत नाही.

आणि पेव्हर ब्लॉकची गोष्ट पत्रात स्वतःहून लिहा. वॉलपेपरचीही. ती त्यांच्या वकिलाने आधी काढली तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटू लागतील.

भायलीकर (सप्टेंबर २०२५)

उशिरा लिहीत आहे, पण ज्यांनी इतका वेळ दिला त्यांना काय झाले ते कळायला हवे.

पत्र गेले आणि बाराव्या दिवशी कंपनीचा अभियंता आला. बरोबर आम्ही बोलावलेले एक निवृत्त अभियंते होते. नळीची चाचणी खालून सुरू केली. जोत्याजवळ दहा मिनिटे पाणी मारल्यावर मीटरचा काटा हलला, पण थोडासाच. खिडकीच्या खालच्या पट्टीवर मारल्यावर चौथ्या मिनिटाला आत स्कर्टिंगच्या वर थेंब आला आणि कंपनीचा अभियंता बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिला. त्यानंतर त्याने स्वतःच पेचकस घेऊन बुजवलेल्या चिरा मोकळ्या केल्या आणि रुळात साचलेले पाणी भकाभका बाहेर आले.

जमिनीपासून दोन फुटांपर्यंत जिप्सम बोर्ड कापून काढला. खिडकीखाली ताटली नव्हतीच. वॉलपेपर सोलला तर मागे, एसीच्या झोताच्या जागी, ताटाएवढे काळे-गुलाबी वर्तुळ होते. तिथला बोर्ड बोटाने दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. सगळ्यांनी एन-९५ मास्क लावले होते आणि सासूबाईंना आधीच आत्याकडे कारेलीबागेत पाठवले होते. एका खांबाच्या पायाशी तांबूस गंज आहे, पण पत्रा पातळ झालेला नाही असे दोन्ही अभियंत्यांचे मत पडले. तेवढे घासून त्यावर जस्ताचा रंग दिला.

भिंत लगेच बंद करायला त्यांचा माणूस निघाला होता, ते आम्ही होऊ दिले नाही. एकोणीस दिवस ती उघडी ठेवली, दोन पंखे आणि भाड्याचे आर्द्रता ओढणारे यंत्र लावले आणि रोज सकाळी एकाच सहा खुणांवर आकडे घेतले. पाचव्या दिवशी ते इतके उतरले की मीही बंद करायला तयार झाले होते. सातव्या रात्री पाऊस झाला आणि खालच्या दोन खुणा पुन्हा चढल्या. त्या पेव्हर ब्लॉकच्या होत्या. पश्चिमेचे ब्लॉक दोन फूट रुंदीत उपटून तिथे खडी भरली, बोर्डाची कड आता जमिनीपासून वीतभर वर आहे. तो खर्च आमचा.

खिडकी काढून ताटली बसवणे, नवे रॉकवूल, ओल सोसणारे जिप्सम बोर्ड आणि बिनवासाचे सिलिकॉन हा खर्च कंपनीने लेखी मान्य केला आणि केला. खिडकीवर दीड फुटाचा पत्र्याचा छज्जा निम्म्या-निम्म्या खर्चाने बसला. यंत्राचे भाडे आणि आमच्या अभियंत्यांची फी यांवर अजून पत्रव्यवहार चालू आहे. ऑगस्ट २०२६ ही तारीख फ्रिजवर लिहून ठेवली आहे. भिंतीला आता वॉलपेपर नाही, साधा रंग आहे, आणि स्कर्टिंगच्या वर हात जाईल एवढी स्क्रूची झडप ठेवून घेतली आहे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात आत पाहण्यासाठी बोर्ड कापावा लागणार नाही.

पॅनेलवाला

झडपेला रबराची पट्टी लावली का? नसेल तर तिथूनच दमट हवा आत-बाहेर करेल.

भायलीकर

नव्हती लावली. आज लावली.